पडदेवाल्या मॅडम

रागावल्या की आमच्या मॅडम शुद्ध मराठीत बोलायच्या. एरवी त्यांच्या तोंडी "काहून वं पोट्टी, काय करून राहिली?" असलंच असायचं. पण कुणाचं लिखाण पटलं नाही की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आपण हे कुठे बसून लिहिलंत?" हिंदीतलं 'आप' म्हणजे साधी अदब. मॅडमच्या 'आपण'मध्ये मात्र काय भरलेलं असतं, हे ऑफिसातल्या मराठी न येणाऱ्यांनाही बरोबर कळायचं. सगळे आपापल्या खुर्चीत आक्रसून बसायचे.

आमचं ऑफिस रायपूरच्या समता कॉलनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मीटिंगमध्ये कुणी भाषण ठोकायला लागलं की खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा आणि मॅडम म्हणायच्या, "ऐक, त्याले बी दुखून राहिलं." काम असं, की बाळंतपणात कुठल्या बाया वाचतात, कुठल्या मरतात आणि हा फरक कशानं पडतो हे शोधायचं, आणि जे सापडेल ते सरकारच्या कानावर घालायचं, पुन्हा पुन्हा, काहीतरी बदलेपर्यंत. प्रकल्पाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की दारावरच्या पाटीत मावलं नव्हतं. शेवटचा शब्द खाली बारीक अक्षरांत लिहिला होता, आणि तो नेमका 'इक्विटी', म्हणजे समता, होता.

मी चंद्रपूरहून शिकून नवीनच आले होते. तात्यापाऱ्यात एका मराठी घरी खोली घेतली होती. तिथली म्हातारी माणसं माझ्याशी मराठीत बोलायची आणि नातवंडं हिंदीत उत्तरं द्यायची. मॅडम बूढ़ापाऱ्यात राहायच्या, एकट्या. वडील रेल्वेत, मूळ गाव विदर्भातलं, जन्म रायपूरचा. बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि एके दिवशी ते सोडून या कामात आल्या. आता त्या अकोल्याला धाकट्या बहिणीकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिला. फोनवर बोलणं होतं, पण त्या स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. कुठल्या तालुक्यात काय चाललंय, तेवढंच विचारतात.

स्वतःबद्दल त्या तेव्हाही बोलत नसत. लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं, आणि जन्म सगळा दुसऱ्यांच्या बाळंतपणामागे. त्यामुळे लोक तर्क करायचे. हिची आई बाळंतपणात गेली असेल, बहीण गेली असेल, काहीतरी असणारच. मीही एकदा धीर करून विचारलं. गाडीत होतो. मॅडम डब्यातला मुर्रा खात होत्या. आपण मुरमुरे म्हणतो ते. सोबत हिरवी मिरची. त्यांनी शांतपणे घास संपवला.

"नाही वं. आमच्या घरी सगळ्या धडधाकट राहिल्या. काहून? घरातलं कोणी मेलं असन तरच वाईट वाटायले पायजे काय?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

त्यांच्याकडे नोकरीला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक काम करावं लागे. मलाही लागलं. एका लहानशा आरोग्य केंद्रात आम्ही गेलो होतो. बाळंतपणाच्या खोलीत लोखंडी टेबल होतं, वरचं रेक्झिन फाटलेलं. मॅडम म्हणाल्या, "झोप याच्यावर."

"मी?"

"मंग कोण? माहं वय आहे काय?"

मी झोपले. पाठीला गार लोखंड लागत होतं. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि दहा मिनिटं बोलायचं नाही म्हणाल्या. पहिली दोन मिनिटं हसू येत होतं. मग मान वळली आणि समोरची खिडकी दिसली. तिला पडदा नव्हता. बाहेर तापाच्या गोळ्यांसाठी रांग लागली होती आणि रांगेतला एक माणूस शेंगदाणे खात सरळ माझ्याकडे बघत होता. वाईट नजरेनं नव्हे, नुसतं बघत होता. समोर खिडकी होती आणि खिडकीत मी होते, म्हणून. मी साडीचा काठ पायावर ओढला. उरलेली मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही.

"काय दिसलं?" मॅडमनी विचारलं.

"माणूस."

"लिही."

मग त्या गाडीकडे गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. त्यात हातोडी, खिळे, सुतळी आणि गोलबाजारातून आणलेले कापडाचे उरलेले तुकडे. त्या दिवशी मोरांचं कापड निघालं. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी खिडकीला सुतळी बांधली आणि पडदा लावला. तिथली नर्स तोंडाला पदर लावून हसत होती. पण उतरताना तिनंच मॅडमचा हात धरला. त्या पूर्ण पट्ट्यातल्या नर्सा त्यांना 'पडदेवाली मैडम' म्हणायच्या. आमच्या संस्थेचं नाव एकीलाही सांगता आलं नसतं.

मी एकदा म्हटलं, "मॅडम, पडदे लावणं हे काही धोरणाचं काम नाही. आपण निवेदन देऊ ना, सगळ्याच केंद्रांसाठी."

"देऊ. पॉलिसी येईन तवा येईन. आज संध्याकाळी इथी कोणाची तरी डिलिव्हरी आहे."

निवेदन त्यांनी दिलंच. पण सरकारकडे जाणारा कुठलाही कागद आधी आमच्या ड्रायव्हरभैयांना वाचून दाखवायचा, असा त्यांचा दंडक होता. भैया पन्नाशीचे, धमतरीकडचे, आठवी शिकलेले. गाडी झाडाखाली लावून ते डोळे मिटून ऐकायचे. मी एकदा फार मेहनतीनं लिहिलेली चार पानं वाचली. 'संरचनात्मक विषमता' वगैरे शब्द होते. भैया डोळे न उघडता म्हणाले, "मैडम, ये तो सरकार को भी समझ में नहीं आएगा." मॅडम इतक्या हसल्या की मुर्रा सांडला. मी दोन दिवस भैयांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती चार पानं दीड पानात बसवली, आणि ती खरोखर चांगली झाली.

हे सगळं मजेचं. आता त्या वाक्याबद्दल सांगते, जे मी लिहिलं होतं.

रायपूरपासून चार-पाच तासांवरच्या एका भागात, नदीपलीकडच्या पाड्यावर एक बाई बाळंतपणात गेली होती. वीस-बावीस वर्षांची. मुलगी वाचली. अशा मृत्यूनंतर सरकारी चौकशी होते आणि एक फॉर्म भरला जातो. त्यात विचारलेलं असतं, की उशीर कुठे झाला: घरी, वाटेत की दवाखान्यात? या फॉर्मवर 'घरी' या रकान्यात खूण होती. मी ऑफिसात बसून ते आमच्या अहवालात उतरवलं: कुटुंबाने निर्णय घेण्यास विलंब केला.

मॅडमनी चष्मा काढला. "आपण हे कुठे बसून लिहिलंत?"

"इथेच. फॉर्मवरून."

"उद्या सकाळी सहाला गाडी निघेल. आपणही यावे."

पाड्यावर पोचलो तेव्हा मेलेल्या बाईची सासू अंगणात चिंचा फोडत बसली होती. शेजारी गोधडीवर दोन महिन्यांची नात. मुलगा, म्हणजे त्या बाईचा नवरा, आम्हाला बघून उठला आणि घरामागे गेला. मॅडमनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माँ, उस दिन जैसे गए थे, वैसे हमको ले चलोगी?"

म्हातारीनं नातीला पाठीला बांधलं आणि चालायला लागली. मागून आम्ही दोघी. वाट उतरणीची, मग नाला, मग खडी चढण. म्हातारी थांबून थांबून, छत्तीसगढीत, सांगत होती. हमन बिहनिया ले निकले रेहेन, ती म्हणाली. उजाडायच्या आधीच निघालो होतो. मुलानं आणि शेजाऱ्यानं खाटेवर घातलं होतं. इथे खाट खाली ठेवली. इथे तिनं पाणी मागितलं. दीड तासानं आम्ही एका छोट्या इमारतीशी आलो. ते उपकेंद्र. म्हातारी ओसरीत उभी राहिली आणि दाराकडे बोट करून म्हणाली, "तारा लगे रिहिस." कुलूप होतं.

नर्सकडे दोन केंद्रं होती. त्या दिवशी ती दुसऱ्या केंद्रावर लसी द्यायला गेली होती. तिचाही दोष म्हणवत नाही. नवरा फोन लावत चढावर पळाला, कारण खाली रेंज नव्हती. मूल त्या कुलूप लावलेल्या दारासमोर, ओसरीवर झालं. मग रक्त थांबेना. गाडी आली, पण मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

"देरी हमन नइ करेन," म्हातारी म्हणाली. उशीर आम्ही नाही केला. आवाज चढवला नाही तिनं. मग पुढचं सांगितलं. फॉर्ममधली ती खूण गावच्या बैठकीत वाचून दाखवली होती. तेव्हापासून सुनेच्या माहेरच्यांनी संबंध तोडले. भावांचं म्हणणं, यानंच उशीर केला, यानंच मारलं. भाचीचं तोंड बघायलाही ते आले नाहीत. आणि मुलगा कुणाशी बोलत नाही. खातो, राबतो, पण बोलत नाही.

परत येताना मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत. 'आपण'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

मी अहवाल पुन्हा लिहिला. जसं चालत गेलो तसाच. त्यात एक वाक्य होतं: उपकेंद्राला कुलूप होते. भैयांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ये समझ में आता है."

त्या अहवालाला जोडून आमची एक जुनी मागणी होती. नदीपलीकडच्या बायांचे दिवस भरत आले की त्यांना मोठ्या दवाखान्याजवळ येऊन राहता यावं, असं एक घर हवं. जेवणासकट, सोबतीच्या माणसासकट. तीन वर्षं ती फाइल फिरत होती. या वेळी, चार-पाच महिन्यांनी, ज्या साहेबांकडे ती पोचली, त्यांनी ती खरोखर वाचली होती. माणूस भला होता. चहा मागवला, नकाशा पुढे घेतला, कुठे घर बसेल ते स्वतः दाखवलं. मग हळूच म्हणाले, "मैडम, बस एक लाइन है. ताले वाली. ये रहेगी तो जाँच बैठेगी, नर्सों की हड़ताल होगी, फाइल रुक जाएगी. हटा दीजिए, ऑर्डर इसी महीने निकलवाता हूँ."

मी मॅडमकडे बघितलं. आता त्या चष्मा काढतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "आठ दिन दीजिए."

जिन्यावर मी भांडले. "मॅडम, तुम्ही विचार करणार? एकेक शब्दासाठी आम्हाला रडवता आणि ते वाक्य काढायचा विचार करणार?"

"मी कोण विचार करणार? गोष्ट तिची आहे, माही थोडीच आहे. तिले विचारू."

आणि खरंच त्या विचारायला गेल्या. पाच तास जाणं, पाच तास येणं, एका वाक्यासाठी. म्हातारीसमोर जमिनीवर बसून त्यांनी सगळं न लपवता सांगितलं. एक वाक्य काढलं तर घर मिळेल. ठेवलं तर कदाचित कधीच मिळणार नाही. नात रांगायला लागली होती, ती सारखी चिंचोक्यांकडे जायची आणि म्हातारी तिला ओढून घ्यायची.

"घर बनही, त काकरो बहू बाँचही?" तिनं विचारलं. घर झालं तर कुणाची सून वाचेल?

मला वाटलं, मॅडम हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "पता नहीं माँ. बच सकती है. पक्का नहीं बोल सकती."

म्हातारीनं मान हलवली. "त निकाल दे तारा ला." मग मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "फेर हमन देरी करेन, तेनो ला निकाल." कुलूप काढ. पण आम्ही उशीर केला, हेही काढ.

मॅडम परत साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, दोन्ही वाक्यं जातील, नाहीतर एकही जाणार नाही. साहेबांनी हात टेकले. फॉर्म खालच्या ऑफिसातला, सही झालेला, बंद झालेला. तो बदलायचा म्हणजे चौकशी पुन्हा उघडायची. मॅडम म्हणाल्या, "तो खोलिए." साहेब म्हणाले, बघतो. मॅडम बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुर्र्याचा डबा घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठमूठ देत. पंधरवडाभर त्या बाकावर होत्या. तिथला शिपाई त्यांना घरची गाऱ्हाणी सांगायला लागला होता. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसून म्हणाले, "आप तो कुछ माँगती भी नहीं, बस बैठी रहती हैं." मॅडम म्हणाल्या, "माँग तो चुकी."

चौकशी पुन्हा उघडली. सासूचा, नवऱ्याचा, शेजाऱ्याचा जबाब पहिल्यांदाच कागदावर आला. फॉर्म दुरुस्त झाला. त्या घराचा आदेशही निघाला. छापील अहवालात कुलपाचं वाक्य नाही. मला ते आजही बोचतं. मी मॅडमना तसं म्हटलंही. वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "बोचू दे. मलेही बोचते. ते काढलं ते मी काढलं, तिच्यावर नको ढकलू." त्या घरात पहिले दोन महिने कुणीच आलं नाही, कारण सोबतच्या बायांना चूल नव्हती. मॅडमनी चूल मांडून घेतली. मग एक आली, मग दुसरी. पुढचं तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते त्या दुरुस्त फॉर्मचं.

त्याची प्रत घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. मला वाटलं होतं मॅडम वाचतील. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तू लिहिलं होतं, तूच वाच."

मी उभी राहून वाचलं. परिवार की ओर से कोई विलंब नहीं हुआ.

"फेर पढ़," म्हातारी म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग तिनं घरामागे हाक मारली. मुलगा आला. हाताला माती होती, कुंपण नीट करत असावा. मी तिसऱ्यांदा वाचलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता. मग बोलला. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"ए म मोर नाव हे?"

आहे, मी म्हटलं, आणि बोटानं त्याचं नाव दाखवलं. त्यानं हात धोतराला पुसले. "एला मँय ले जाँव?"

मॅडमनी मान हलवली. त्यानं कागद घडी करून पिशवीत घातला, सदरा चढवला आणि टेकाडाच्या वाटेला लागला. पलीकडे त्याच्या सासरचं गाव होतं. म्हातारी ओरडली, जेवून तरी जा. तो थांबला नाही.

भैयांनी विचारलं, निघायचं का, वाट लांबची आहे. मॅडम म्हणाल्या, "थोडा रुकते हैं." त्या तिथेच जमिनीवर बसून राहिल्या. दुखरे गुडघे लांब करून, म्हातारीसोबत चिंचा फोडत. पोरगी त्यांच्या पदराशी खेळत होती. मी दोनदा उठून वाटेकडे बघून आले. ऊन उतरलं. म्हातारीनं भात टाकला, आम्ही जेवलो, भांडी घासून झाली.

मग टेकाडावर माणसं दिसली. एक नाही, दोन. पुढे तो होता. मागच्याच्या डोक्यावर छोटंसं गाठोडं होतं आणि तो सावकाश, थबकत थबकत उतरत होता. अंगणाच्या कुंपणाशी येऊन तो दुसरा माणूस उभाच राहिला. आत यायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. म्हातारी जागची उठेना.

मॅडमनी पोरीला मांडीवरून उचललं, तिच्या अंगावरची माती झटकली आणि अंगणात खाली ठेवून तिचं तोंड कुंपणाकडे केलं.

"पाह्य वं," त्या म्हणाल्या, "तुहा मामा येऊन राहिला."